पंचविशी ओलांडताना विम्याचे छत्र

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील अनेक कामगारांच्या घरी सध्या सारखेच चित्र दिसते. मुलाची पदवी झाली आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, कमाई शून्य. घरच्यांच्या लेखी तो आई-वडिलांवर अवलंबूनच आहे. पण ‘अवलंबून’ या शब्दाचा अर्थ प्राप्तिकर खाते, कामगार विमा योजना आणि खासगी विमा कंपनी वेगवेगळा लावतात. हा फरक बहुतेकांना कळतो तो रुग्णालयाचे बिल हाती पडल्यावर.

आधी कराचे पाहू. ‘८०डी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत स्वतः, जोडीदार आणि अवलंबित मुले यांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मुलासाठी येथे वयाची मर्यादा नाही, तो कमावता नसावा एवढेच पाहिले जाते. मात्र ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. नव्या प्रणालीत ती नाही, म्हणून काही जण हप्ता भरणेच सोडून देतात. विमा करासाठी नव्हे, आजारपणासाठी असतो, हे येथे विसरले जाते.

विम्याचे छत्र मात्र वयाशी बांधलेले असते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना लागू असलेल्या राज्य विमा योजनेत (ईएसआय) शिक्षण घेणाऱ्या अवलंबित मुलाला २१ वर्षांपर्यंतच उपचार मिळतात. अविवाहित अवलंबित मुलीला आणि शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे पूर्णपणे अवलंबून असलेल्या अपत्याला ही वयाची अट नाही. खासगी फॅमिली फ्लोटर पॉलिसीत मुलांचे नाव बहुधा २५ वर्षांपर्यंत राहते. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने ही मर्यादा २६ केली आणि तेथे मूल कमावते आहे का, विवाहित आहे का, हेही पाहिले जात नाही. आपल्याकडे असा एकच नियम नाही.

‘तरुण आहे, त्याला काय होणार?’ हे समाधान फसवे आहे. दुचाकीचा अपघात, डेंग्यू, अपेंडिक्स वय विचारून येत नाहीत. ज्या मुलाला लहानपणापासून इन्सुलिन घ्यावे लागते, दमा आहे किंवा फिट येतात, त्याच्यासाठी तर पॉलिसीतील खंड महागात पडतो. नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ पुन्हा सुरू होऊ शकतो.

यावर उपाय आहे, पण तो मुदतीतच करावा लागतो. वयोमर्यादेमुळे फ्लोटरमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला त्याच कंपनीच्या दुसऱ्या योग्य पॉलिसीत जाण्याचा पर्याय आणि आधीच्या वर्षांचे श्रेय द्यावे, असा विमा नियामकाचा (इर्डाई) नियम आहे. पॉलिसी खंडित झालेली नसावी, ही अट. त्यामुळे नूतनीकरणाच्या दोन महिने आधी कंपनीला लेखी कळवा आणि आजार लपवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे भारही थोडा हलका झाला आहे.

ज्यांना हप्ता परवडत नाही, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार घ्यावा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण देणाऱ्या या योजनेत ठरावीक उपचार आणि संलग्न रुग्णालयेच येतात. मुलाचे नाव शिधापत्रिकेवर आहे ना, हे आजच तपासा.

आणि मुलगा कमावू लागला की हिशेब उलटतो. आई-वडील त्याच्यावर अवलंबून नसले, तरी त्यांचा हप्ता भरून तो जुन्या करप्रणालीत वेगळी वजावट घेऊ शकतो. ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ही मर्यादा ५०,००० रुपयांची आहे.