पंक्तिप्रपंच

हॉटेलांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्यात पदार्थ असतात, त्यांच्या चवी असतात, मालकाच्या लकबी असतात आणि हरवलेल्या दिवसांचे उसासे असतात. वाढणारा माणूस मात्र त्यात क्वचितच असतो. असला तर खांद्यावर फडका टाकून मागच्या मागे ये-जा करणारा, नेपथ्याचा एक भाग म्हणून. वस्तुतः बाहेर जेवून आल्यावर मनात जे रेंगाळते त्यात या माणसाच्या वागण्याचा वाटा फार मोठा असतो. भाजीत मीठ कमी पडले होते हे आपण आठवडाभरात विसरतो. आपल्याला पाहून न पाहिल्यासारखे केले गेले, तर ते वर्षानुवर्षे विसरत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांला केवळ धंद्याचा वाटत नाही. तो संस्कृतीचा आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांचाही प्रश्न आहे.

या व्यवसायाला मराठीत 'आदरातिथ्य' असा भारदस्त शब्द योजला जातो. शब्द सुंदर आहे, पण येथे तो फसवा आहे. अतिथी पैसे देत नाही, गिऱ्हाईक देते. अतिथीला काय आणि किती वाढायचे हे यजमान ठरवतो. गिऱ्हाईक स्वतः ठरवते. घरच्या पंगतीतला आग्रह कितीही प्रेमाचा असला, तरी तो यजमानाच्या मर्जीचा असतो, आणि मर्जी म्हटली की डावे-उजवे आलेच. या डाव्या-उजव्यासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तुपाची धार सैल सोडायची आणि दुसऱ्याच्या पानात थेंबावर भागवायचे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. दोषाला असे स्वतंत्र नाव मिळते, तेव्हा तो दोष त्या समाजात चांगलाच रुळलेला असतो, असे समजायला हरकत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : हॉटेलातील चांगली सेवा म्हणजे घरच्या अगत्याची नक्कल नव्हे. पंक्तिप्रपंच न करता अनोळखी माणसाला वाढणे, हा तिचा गाभा आहे. हसरा चेहरा, तत्परता, स्वच्छ पेला या गोष्टी हव्यातच; पण त्या या गाभ्याभोवती येतात, त्याची जागा घेत नाहीत.

हे मूल्य आपल्याकडे किती नवे आहे ते इतिहासाकडे पाहिले की कळते. १८९० साली पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे प्रभृतींवर ग्रामण्याचे संकट ओढवले. कोणाच्या हातचे आणि कोणाबरोबर प्यालात, हा त्या काळी धर्मपीठापर्यंत जाणारा प्रश्न होता. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. त्या हॉटेलाचे नाव 'सत्यसुधारक'. तेथे गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. येथे प्रश्न उलट्या बाजूने आला आहे : वाढणारा तयार आहे, घेणारा तयार नाही. सेवेचा संबंध दोन्ही बाजूंनी जुळावा लागतो, हे या प्रसंगाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसते.

१९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले. घटनाकारांना मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचा नामनिर्देश करावासा वाटला, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. आणि तरीही शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) गावच्या चहाच्या दुकानात दलितांसाठी निराळी ठेवलेली कपबशी येते, तिच्याविरुद्ध पोलिसांत केलेली तक्रारही येते. प्रवेश मिळाला, चहाही मिळाला. पंक्तिप्रपंच शिल्लक राहिला. त्या कपातल्या चहाची चव कशी होती, हे कोण सांगणार? अपमान जिभेला आधी कळतो.

शहरातील जुन्या हॉटेलांविषयीचे आपले प्रेम या प्रकाशात तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. मुंबईचा इराणी काही फार गोड बोलणारा नव्हता. धोबी तलावावरील बस्तानीमधल्या सूचनांच्या पाटीवरून निसिम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताच केली. गिऱ्हाइकाने काय काय करू नये याची ती यादी आहे. पुण्यातील पाट्यांविषयी तर बोलायलाच नको. रूढ व्याख्येने पाहिले तर ही सेवा वाईटच. मग माणसे तेथे पुन्हा पुन्हा का जात? त्या पाट्या सर्वांना सारख्या होत्या, हे त्याचे एक कारण असावे. एका चहावर तास काढणारा बेकार कवी आणि घाईत बनमस्का खाऊन कचेरी गाठणारा कारकून यांच्याशी तेथे एकाच कोरडेपणाने बोलले जाई. खेकसण्यातही पंक्तिप्रपंच नव्हता.

माटुंग्यात १९४२ साली सुरू झालेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या ठिकाणी अनोळखी माणसे एका टेबलाशी बसतात, आणि वाढपी प्रत्येकाच्या पानाकडे त्याच नजरेने पाहत पुढे सरकतो. संपलेले काय आहे एवढेच त्याला पाहायचे असते. जेवणारा कोण, हे नव्हे. आमच्या मते ही नजर हीच उत्तम सेवा.

अर्थात, समानतेच्या नावाखाली उर्मटपणाचे समर्थन आम्हांला करावयाचे नाही. आज पुष्कळ ठिकाणी उर्मटपणा गेला आणि त्याच्या जागी पाठ केलेली नम्रता आली. तोंडात घास असताना नेमके "सगळे ठीक आहे ना?" असे विचारले जाते, बिलाबरोबर तारे देण्याची विनंती येते. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली विमानातील सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली : येथे हात राबतात तसा चेहराही राबतो, आणि तोही पगाराच्या हिशेबात धरलेला असतो. सार्त्रने १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये वेटरची भूमिका जरा जास्तच चोख वठवणारा वेटर रंगवला, तो आत्मवंचनेचे उदाहरण म्हणून. आम्हांला मात्र नेहमी वाटत आले आहे की त्या वेटरबरोबर गिऱ्हाइकाकडेही पाहायला हवे होते. चोख अभिनय हवा असतो तो प्रेक्षकाला.

गिऱ्हाइकाची बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. बिलात परस्पर लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचा वाद घ्या. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे शुल्क आपोआप आकारू नये अशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण या साऱ्या चर्चेत वाढणाऱ्याला पगार किती, तो किती तास उभा असतो, हे विचारणारे आवाज आम्हांला फार थोडे ऐकू आले. हॉटेलात आणि ढाब्यावर चौदा वर्षांखालील मुले कामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ मध्ये बंदी आली. तोवर 'पोऱ्या' ही हाक आपल्या सवयीची होती, आणि आपल्या विनोदी लेखनालाही ती कधी बोचली नाही.

आता पंक्तिप्रपंचाचे आजचे रूप पाहा. कपबशी निराळी नसते. पण इंग्रजीत मागवणाऱ्याला 'सर' आणि मराठीत विचारणाऱ्याला "काय पाहिजे?" हा फरक आपण सर्वांनी ऐकला आहे. मॉलमधल्या हॉटेलात एखादे कुटुंब जेवत असते, आणि त्यांच्या बाळाला सांभाळायला आणलेली मुलगी टेबलाच्या कडेला, पुढ्यात रिकामी जागा ठेवून बसलेली असते. या वेळी पंक्तिप्रपंच वाढपी करत नाही, जेवणारे करतात. न सांगता तिच्यापुढेही पाण्याचा पेला आणि ताटली ठेवणारा एक वेटर आम्ही पाहिला आहे. त्याने कोणाला सुनावले नाही. त्याने फक्त माणसे मोजली, आणि बरोबर मोजली. त्या टेबलावर मग काही क्षण कोणी बोलले नाही, आणि त्या मुलीसाठी मागवले गेले.

एवढ्या लहान कृतीत केवढी ताकद असते, हे व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून कळणे कठीण. ते कळायला पंगतीचा इतिहास ठाऊक हवा आणि तो वाचण्याची सवय हवी. आमच्या विद्यार्थ्यांनी कथा-कादंबऱ्यांतील जेवणाचे प्रसंग पुन्हा एकदा वाचावेत, आणि वाचताना ताटात काय आहे ते बाजूला ठेवून वाढणारा कोण, कोणाला आधी वाढतो, कोणाला वगळतो आणि त्याचे स्वतःचे जेवण कधी होते, हे पाहावे, असे आम्ही सुचवतो. पुढल्या खेपेला हॉटेलात बसल्यावरही हेच प्रश्न विचारता येतील. त्यांतला शेवटचा प्रश्न वाढणाऱ्यालाच विचारला, तर अधिक बरे.