विश्लेषण : गट जुळला, तरी रक्त का जुळत नाही? परळमध्ये सापडलेल्या ‘इंडियन’ रक्तगटाचा धडा काय?

रुग्णाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. रक्तपेढीत ओ पॉझिटिव्हच्या पिशव्याही आहेत. तरीही तासाभराने निरोप येतो, ‘क्रॉसमॅच जुळत नाही, दुसरी पिशवी लावून बघतो.’ दुसरी जुळत नाही, तिसरीही नाही. केईएम, टाटा, वाडिया अशी मोठी रुग्णालये असलेल्या परळमध्ये थॅलेसेमियाची मुले आणि कर्करुग्ण राज्यभरातून येतात. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या रुग्णांवर ही वेळ येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. अशा वेळी नेमके काय बिघडले हे शोधण्यासाठी आता प्रयोगशाळेत तयार केलेली मानवी पेशीपटलावरील प्रथिने वापरली जातात. यातल्या एका प्रथिनाची गोष्ट परळमध्येच सुरू झाली होती.

गट जुळूनही रक्त का जुळत नाही?

आपल्याला ए, बी, एबी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढेच माहीत असते. प्रत्यक्षात तांबड्या पेशींवर ओळखीच्या अनेक खुणा असतात. आंतरराष्ट्रीय यादीत आज ४५हून अधिक रक्तगट प्रणाली आहेत. ए आणि बी या खुणा म्हणजे साखरेचे रेणू. पण आरएच, केल, डफी, किड यांसारख्या बहुतेक प्रणालींच्या खुणा पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांवर असतात. दात्याच्या पेशीवर असलेली खूण रुग्णाच्या पेशीवर नसेल, तर रुग्णाचे शरीर तिला परकी मानून प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी तयार करू शकते. पुन्हा तशाच खुणेचे रक्त चढवले, तर त्या पेशी फुटतात. काविळीपासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणूनच रक्त देण्यापूर्वी रुग्णाचा प्लाझ्मा आणि दात्याच्या पेशी एकत्र करून क्रॉसमॅच पाहतात.

परळशी याचा संबंध काय?

मुंबईचे नाव लागलेला ‘बॉम्बे’ रक्तगट अनेकांना ठाऊक असतो. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगापुढे मांडला. त्यात ‘एच’ ही साखरेची मूळ खूणच नसते.

दुसरा शोध मात्र फारसा चर्चेत आला नाही. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटरच्या संशोधकांनी १९७३ मध्ये एक नवी खूण नोंदवली. या संशोधकांतही डॉ. भाटिया होते. भारतीयांमध्ये सापडली म्हणून तिला ‘इंडियन-ए’ असे नाव मिळाले. तिची जोडीदार ‘इंडियन-बी’ दोनच वर्षांत सापडली. हे केंद्र म्हणजे केईएमच्या आवारातील आजची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था, अर्थात एनआयआयएच.

या दोन्ही खुणा ‘सीडी४४’ नावाच्या प्रथिनावर असतात. या प्रथिनाच्या साखळीत ४६व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असेल तर ‘बी’ आणि प्रोलिन असेल तर ‘ए’. फरक एवढाच, एका मण्याचा. ‘इंडियन-ए’ भारतीयांत सुमारे तीन ते चार टक्के लोकांत आढळते, तर युरोपीयांत हजारात एकाकडेही नसते. या आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला, तर ज्याच्याकडे ‘बी’ अजिबात नाही असा माणूस आपल्याकडे अडीच ते साडेचार हजारांत एक निघतो. अशा व्यक्तीच्या शरीरात ‘बी’विरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, तर जवळपास प्रत्येक दात्याचे रक्त तिला विसंगत ठरते.

प्रयोगशाळेची अडचण नेमकी कुठे होते?

प्रतिपिंड ओळखण्याची नेहमीची पद्धत म्हणजे ‘पॅनेल’. खुणा आधीच ठाऊक असलेल्या दात्यांच्या पेशींच्या दहा-बारा कुप्या घेऊन प्रत्येकीबरोबर रुग्णाचा प्लाझ्मा तपासतात. काही कुप्यांत गुठळ्या होतात, काहींत होत नाहीत. त्या नक्षीवरून गुन्हेगार सापडतो. पण प्रतिपिंड सर्वत्र आढळणाऱ्या खुणेविरुद्ध असेल, तर सगळ्याच कुप्यांत गुठळ्या होतात आणि नक्षीच उरत नाही. शिवाय त्या गर्दीत एखादे दुसरे, अधिक घातक प्रतिपिंड लपलेले असू शकते.

आपली आणखी एक अडचण आहे. हे पॅनेल बहुतेक ठिकाणी आयात केलेले असतात आणि त्यातल्या पेशी प्रामुख्याने पाश्चात्त्य दात्यांच्या असतात. युरोपात जवळपास नसलेली ‘इंडियन-ए’ खूण त्यात असण्याची शक्यता कमी. म्हणजे मुंबईच्या रुग्णातील प्रतिपिंड त्या पॅनेलमधून निसटू शकते.

मग हे प्रथिन काय करते?

इथे रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकाच्या साहाय्याने प्रयोगशाळेत घडवलेले, प्रथिन कामाला येते. सीडी४४चे मानवी जनुक घेऊन त्यातला पेशीपटलात रुतणारा भाग गाळतात, बाहेर डोकावणारा भाग ठेवतात. हे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या सस्तन प्राण्याच्या किंवा मानवी पेशींत सोडले, की त्या पेशी प्रथिन बनवून भोवतालच्या द्रवात सोडतात. तिथून ते शुद्ध करून घेतात. जिवाणूंकडून हे काम स्वस्तात होते, पण मानवी प्रथिनाची घडी आणि त्यावरच्या साखरेच्या साखळ्या जिवाणूंना नीट जमत नाहीत. घडी बिघडली की प्रतिपिंड त्या खुणेला ओळखत नाही.

हे विरघळणारे प्रथिन रुग्णाच्या प्लाझ्मात मिसळले, की सीडी४४विरोधी प्रतिपिंडे त्यालाच चिकटून निकामी होतात. आता पॅनेल पुन्हा लावायचे. गुठळ्या थांबल्या तर गुन्हेगार सापडला. काही कुप्यांत गुठळ्या उरल्या, तर मागे लपलेले दुसरे प्रतिपिंडही उघडे पडते.

रुग्णाला याचा फायदा काय?

थांबायचे की रक्त द्यायचे, हे ठरवता येते. ‘नॉप्स’ किंवा ‘जेएमएच’ प्रणालीविरुद्धची प्रतिपिंडे क्रॉसमॅच बिघडवतात, पण सहसा रुग्णाला इजा करत नाहीत. ‘इंडियन-बी’विरुद्धची मात्र करू शकतात. पहिल्या प्रकारात दुर्मीळ दाता शोधत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे, दुसऱ्या प्रकारात न शोधणे म्हणजे धोका पत्करणे.

कर्करोगाच्या उपचारातही हा प्रश्न येतो. मल्टिपल मायलोमावरील डाराट्युमुमॅब हे औषध ‘सीडी३८’ या प्रथिनाला चिकटते. तांबड्या पेशींवरही ते थोडेसे असते, त्यामुळे औषध सुरू झाले की क्रॉसमॅच बिघडतो. डीटीटी या रसायनाने पेशी धुण्याचा स्वस्त उपाय रूढ आहे. पण ते रसायन केल, इंडियन अशा इतर खुणाही नष्ट करते. विरघळणारे सीडी३८ वापरले तर त्या खुणा शाबूत राहतात.

सगळ्याच गटांसाठी हे शक्य आहे का?

नाही. सीडी४४ पेशीपटलातून एकदाच आरपार जाते, त्यामुळे बाहेरचा भाग वेगळा काढता येतो. आरएच-डी प्रथिन मात्र गोधडीतल्या धाग्यासारखे बारा वेळा आत-बाहेर जाते. गोधडी काढून घेतली तर टाक्यांचा आकार राहत नाही, तसेच याचेही होते. किडचे प्रथिन दहा वेळा जाते. अशा गटांसाठी अजूनही खऱ्या तांबड्या पेशीच लागतात. म्हणजे हे प्रथिन पॅनेलला पर्याय नाही, तर पूरक आहे.

आता काय व्हायला हवे?

प्रतिपिंड ओळखले, तरी रक्त शेवटी माणसाकडूनच मिळते. कर्नाटकातील कोलारच्या एका महिलेचे उदाहरण ताजे आहे. हृदय शस्त्रक्रियेच्या वेळी तिचे रक्त कोणाशीच जुळेना, कुटुंबीयांशीही नाही. बंगळूरु आणि ब्रिस्टलच्या प्रयोगशाळांनी सुमारे दहा महिने तपास केल्यावर क्रोमर प्रणालीतील नवी खूण सापडली. जून २०२५ मध्ये ‘क्रिब’ या नावाने ती जाहीर झाली. शस्त्रक्रिया रक्त न चढवता पार पडली, पण प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत ते शक्य होणार नाही.

म्हणून तीन गोष्टी हव्यात. पहिली, वारंवार रक्त घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची प्रतिपिंड तपासणी नियमाने व्हावी. आज ती सर्वत्र होत नाही. दुसरी, भारतीय दात्यांच्या पेशींचे पॅनेल आणि सीडी४४सारखी प्रथिने सरकारी प्रयोगशाळांना परवडणाऱ्या दरात मिळावीत. तिसरी, दुर्मीळ दात्यांची नोंदवही वाढावी. एनआयआयएचने त्या दिशेने काम सुरू केले आहे.

या तिसऱ्या कामात गिरगाव ते लालबाग पट्ट्याला मोठा वाटा उचलता येईल. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीऐवजी ‘आरोग्योत्सव’ करून रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवले होते. रक्तदानाची ही सवय शहराला आहेच. शिबिरांतील नियमित दात्यांची संमती घेऊन त्यांच्या रक्ताची विस्तृत तपासणी केली, तर अडीच ते साडेचार हजारांतला तो एक दाता आधीच माहीत असेल. अर्ध्या शतकापूर्वी परळने जगाला हा रक्तगट दाखवला. तोच गट असलेल्या रुग्णाला परळमध्ये वेळेत रक्त मिळावे, एवढी तरी खात्री आता हवी.