फॉर्मॅट मारण्याआधी रॅम तपासा



रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र या वेळी आमच्यासमोर आहे. त्यांच्या मरहूम अब्बांनी २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप अजून घरात आहे. अब्बांनी सवडीने घरातले सगळे कागद त्यात स्कॅन करून ठेवले होते. सातबारे, जन्माचे दाखले, निकाहनामे, मुलांच्या गुणपत्रिका आणि दोन लग्नांचे फोटो. गेल्या काही महिन्यांपासून हा कॉम्प्युटर काम करता करता निळा पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. काही फोटो अर्धेच दिसतात, खालचा भाग करडा. दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉर्मॅट मारून दिला. कागद डी ड्राइव्हमध्ये होते म्हणून वाचले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच रडगाणे. आता तो म्हणतो, "मशीन गेलं, भंगारात द्या." भगिनी विचारतात, "भंगारात देऊ, पण अब्बांचे कागद शाबूत आहेत की नाहीत, हे कसं कळणार?"

अशी पत्रे आम्हाला अधूनमधून येतात, म्हणून उत्तर सर्वांसाठी सविस्तर देत आहोत. हे वर्णन वाचून आमचा पहिला संशय रॅमवर जातो. संशय खरा की खोटा, हे मात्र तपासूनच ठरवायचे. ही तपासणी घरी करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत.

मेमरी म्हणजे नेमके काय?

आपण 'मेमरी' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. फोटो, कागद कायमचे राहतात ती हार्ड डिस्क, म्हणजे घरातले कपाट. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कपाटातली वस्तू वापरायची तर आधी ओट्यावर यावी लागते, आणि काम झाले की ओटा रिकामा. कॉम्प्युटर बंद केला की रॅममधले सगळे पुसले जाते.

या ओट्याची रचना मोठी नाजूक असते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली ती सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. प्रत्येक बिटसाठी एक बारीकसा कपॅसिटर असतो. त्यात भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार झिरपत राहतो, म्हणून तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. ४ जीबी रॅममध्ये असे सुमारे ३,४३६ कोटी बिट असतात. त्यातले दोनचार जरी दमले, तरी तिथे ठेवलेला 'एक' परत घेताना 'शून्य' होऊन येतो.

तो बिट कुणाच्या वाट्याला येईल, यावर दुखण्याचे रूप ठरते. तिथे विंडोजचा एखादा हुकूम आला तर पडदा निळा होतो. फोटोचा तुकडा आला तर फोटो बिघडलेला दिसतो. काहीच आले नाही तर दिवसभर सगळे सुरळीत. म्हणूनच आजार कधी दिसतो, कधी दडतो.

असे होणे विरळाही नाही. गूगल आणि टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांमधील रॅमचा सुमारे अडीच वर्षांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. वर्षभरात शंभरातल्या आठांहून जास्त पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या. वय वाढले तशा चुका वाढल्या, आणि उष्णतेचा परिणाम मात्र वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. अशा सर्व्हरांच्या रॅममध्ये एका बिटची चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते. आपल्या घरच्या डेस्कटॉपमध्ये ती बहुधा नसते. चूक होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

लक्षणे ओळखा

रॅमकडे बोट दाखवणारी लक्षणे अशी : निळा पडदा येतो आणि दर वेळी त्यावरचा संदेश वेगळा असतो. विंडोज टाकताना मध्येच अडकते. झिप फाइल 'खराब आहे' म्हणून उघडत नाही आणि थोड्या वेळाने तीच उघडते. वेगवेगळे प्रोग्रॅम काही कारण नसताना बंद पडतात. कधी बटण दाबल्यावर नुसते बीप ऐकू येतात आणि पडदा काळाच राहतो.

ही लक्षणे दुसऱ्या आजारांचीही असू शकतात, म्हणून थोडी पारख हवी. कॉम्प्युटर फक्त हळू चालत असेल तर रॅम खराब नसून कमी पडत असेल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, तर डिस्ककडे पाहा. सुरू केल्यावर तारीख जुनीच दिसते, तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांनी यंत्र एकदम बंद पडत असेल तर प्रोसेसरच्या पंख्यात साचलेली धूळ पाहा.

फॉर्मॅटने काय होते, हेही समजून घ्या. फॉर्मॅट म्हणजे कपाट रिकामे करून पुन्हा लावणे. ओटा मोडका असेल तर कपाट कितीदाही लावा, गुण येणार नाही. उलट नवे विंडोज त्याच खराब रॅममधून डिस्कवर जाते, म्हणजे ते पहिल्या दिवसापासून सदोष असू शकते.

तपासणीपूर्वी कागदांची काळजी

भगिनींच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. फोटो अर्धा दिसतो याचा अर्थ डिस्कवरचा फोटो खराब झालाच, असा नाही. तो डिस्कवर शाबूत असेल आणि रॅममधून जाताना बिघडत असेल. चांगली रॅम बसल्यावर तोच फोटो पूर्ण दिसू शकतो. पण बिघडलेला फोटो उघडून तुम्ही 'सेव्ह' केलात, तर बिघाड डिस्कवर कायम होतो.

तेव्हा संशय आल्या क्षणापासून तीन पथ्ये पाळा. त्या कॉम्प्युटरवर कोणतीही जुनी फाइल उघडून सेव्ह करू नका. फाइल 'कट' करून दुसरीकडे हलवू नका. आणि आधीची एखादी पेन ड्राइव्ह किंवा सीडी असेल तर तिच्यावर नवी प्रत चढवू नका, कारण जुनी प्रत चांगली असेल आणि नवी सदोष.

सर्वांत सुरक्षित मार्ग असा : कॉम्प्युटर बंद करून डिस्क बाहेर काढावी, यूएसबीच्या जोडणीने ती दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरला लावावी आणि तिथून कागदांची प्रत घ्यावी. ही जोडणी दुरुस्तीच्या दुकानात असते. प्रत घेतल्यावर दहा-वीस फाइल्स उघडून पाहा. मगच पुढच्या कामाला लागा.

तपासणी : पहिला टप्पा

विंडोजमध्येच एक साधन आहे. स्टार्टमध्ये 'मेमरी' असे इंग्रजीत टाइप केले की 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे नाव येते. ते निवडून रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर तपासणी सुरू होईल. त्या वेळी एफ१ दाबले तर 'एक्स्टेंडेड' ही सखोल तपासणी निवडता येते. विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर कोपऱ्यात निकाल येतो.

इथे चूक सापडली तर दोष आहे, हे धरून चाला. सापडली नाही तर मात्र निर्धास्त होऊ नका. कधीमधी चुकणारा बिट या तपासणीतून निसटतो.

दुसरा टप्पा : रात्रभराची परीक्षा

त्यासाठी 'मेमटेस्ट८६ प्लस' हा मोफत प्रोग्रॅम आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. पेन ड्राइव्ह रिकामी घ्या, कारण तिच्यावरचे सगळे पुसले जाते. ती लावून कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ११ किंवा एफ८ असते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडली की तपासणी आपोआप सुरू होते. हा प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालतो आणि डिस्कला हात लावत नाही.

जुन्या यंत्रावर एक फेरी पुरी व्हायला काही तास लागू शकतात. एका फेरीवर समाधान मानू नका. इशाच्या नमाजनंतर लावून फज्रला पाहावे, हे उत्तम. पडद्यावर 'एरर्स' या शब्दापुढचा आकडा पाहा. तो शून्यच हवा. "दोनच चुका आहेत, चालेल" असे रॅमच्या बाबतीत नसते.

तिसरा टप्पा : दोष नेमका कुठे?

चुका निघाल्या म्हणजे पट्टीच खराब, असे लगेच ठरवू नका. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटचे दार उघडून आधी त्याच्या उघड्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. वीज पुरवणारा डबा मात्र कधीही उघडू नका. त्यातला धक्का प्लग काढल्यावरही जिवावर बेतू शकतो.

रॅमच्या पट्टीच्या टोकांची खिटी बाजूला केली की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. कोकणातल्या दमट हवेत त्यांच्यावर डाग, मळ बसतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने ते हलके पुसा, कण ब्रशने झटका, स्लॉटमधली धूळही काढा. पट्टी परत बसवताना खिटी 'टक' वाजेपर्यंत दाबा. कित्येकदा आजार एवढ्यावरच जातो. तरी रात्रभराची परीक्षा पुन्हा घ्याच.

चुका कायम राहिल्या तर दोन पट्ट्यांवर १ आणि २ असे कागद चिकटवा. आता एका वेळी एकच पट्टी, एकच स्लॉट. पट्टी १ पहिल्या स्लॉटमध्ये तपासा, मग दुसऱ्या. पट्टी २ चेही तसेच. निकाल वहीत लिहा.

एकच पट्टी दोन्ही ठिकाणी चुकत असेल तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये चुकत असतील तर दोष स्लॉटचा. तो सोडून दुसरा वापरा. दोन्ही पट्ट्या सगळीकडे चुकत असतील तर रॅमपेक्षा वीजपुरवठा, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड यांच्यावर संशय घ्या. एकेकटी बरोबर आणि जोडीने चूक, असे असेल तर बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग लावा आणि पुन्हा पाहा.

पट्टी घेताना

२०१२च्या सुमाराचे डेस्कटॉप बहुधा डीडीआर३ रॅमचे असतात. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० दात असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. ती बसत नसेल तर जोर करू नका. जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. लेबलावर 'पीसी३' आणि पुढे १०६०० किंवा १२८०० असा आकडा असतो, तो जुळवून घ्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती इथे चालणार नाही. वापरलेली पट्टी घेणार असाल तर आठ दिवसांत बदलून देण्याचे दुकानदाराकडून लिहून घ्या आणि घरी आणल्या रात्रीच परीक्षा लावा. तोवर खराब पट्टी काढून एकट्या चांगल्या पट्टीवर काम चालवता येते. हळू चालेल, पण फाइल्स बिघडवणार नाही.

नवे केव्हा घ्यावे?

दोष मदरबोर्डचा निघाला तर एवढ्या जुन्या यंत्रावर खर्च करू नये, असे आमचे मत आहे. दोष पट्टीचा असेल तर यंत्र अजून चालेल. एक लक्षात ठेवा, विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार नकोत. मुलांचा टायपिंगचा सराव, कागद स्कॅन करणे, हिशेब लिहिणे यासाठी ते पुरेसे आहे.

यापुढे कुणी "फॉर्मॅट मारू या" म्हटले, तर आधी नम्रपणे तीन प्रश्न विचारा : रॅमची तपासणी किती वेळ केली? एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली का? माझ्या कागदांची प्रत कोणत्या कॉम्प्युटरवर घेतली? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावणार नाही. उत्तरे मिळेपर्यंत डिस्क आपल्या ताब्यात ठेवा. कॉम्प्युटर बाजारात दुसरा मिळतो, पण घरच्या कागदांची डिस्क एकदा पुसली गेली की ती भरून देणारे दुकान नाही.