लावणीला छप्पर हवे

वसमतहून औंढा नागनाथकडे जाताना वाटेत लागणाऱ्या शिरड शहापूरच्या रसिकाला ढोलकीची थाप ऐकावयाची असेल तर यात्रेचीच वाट पाहावी लागते. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तमाशाचे तंबू उभे राहतात, जिल्हा परिषदेच्या वतीने लावणी महोत्सवही होतो आणि काही दिवसांत सारे आवरले जाते. वर्षाच्या उरलेल्या काळात ही कला कोठे नांदते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ती नांदते थिएटरांत. ढोलकीचा फड गण, गवळण आणि वग घेऊन गावोगाव फिरतो. संगीत बारी मात्र एका जागी मुक्काम करते. पुण्याचे आर्यभूषण, लालबागचे हनुमान थिएटर, पुणे-सोलापूर रस्त्यावरील चौफुला, तसेच मोडनिंब आणि जामखेड ही नावे शौकिनांना तोंडपाठ असतात. अशा थिएटरात अनेक पार्ट्या राहतात. एकीची बारी संपली की दुसरीची सुरू होते. तिकिटाच्या उत्पन्नाची मालक आणि पार्टी यांच्यात वाटणी होते. राहण्याच्या खोल्या तेथेच, मुले वाढतात तीही तेथेच, आणि थोरल्या बाईंची अदाकारी रोज पाहता पाहता धाकटी शिकते. घर, शाळा आणि रोजगार अशी तिहेरी सोय ज्या छपराखाली आहे, ते कोसळले तर केवळ एक करमणुकीचा धंदा बुडाला असे म्हणून भागणार नाही.

लालबागचे उदाहरण बोलके आहे. हनुमान थिएटर जगले ते गिरणी कामगारांच्या तिकिटांवर. 1982 च्या संपाने गिरणगाव विस्कटले, प्रेक्षक पांगला आणि पुढे ते थिएटरही बंद पडले. 2020 च्या टाळेबंदीत तर उरलेल्या सर्वच थिएटरांची दारे लागली आणि हातावर पोट असलेल्या कलावंत स्त्रियांची उपासमार झाली. मदतीची घोषणा करावयाची तर या स्त्रियांची धड नोंदही कोणाच्या दप्तरी नव्हती.

शासन काहीच करीत नाही, असा आमचा आरोप नाही. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. यमुनाबाई वाईकर यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. हे सत्कार उचितच होत. परंतु शाल-श्रीफळ सत्तरीत मिळते. विशीतल्या मुलीला रोजची बारी लागते, आणि ती सत्कार समारंभात मिळत नाही.

या स्थळी शोषण होते, दौलतजादा होते, म्हणून ती नसलेलीच बरी, असे म्हणणारे सज्जन आहेत. त्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. बंद खोलीतल्या बैठकीत काय चालते याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. तथापि खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घालून पाहिली गेली. तीतून कला सुधारली नाही, कलावंतांचे हाल मात्र झाले. उजेडात, तिकीट लावून, शेकडो प्रेक्षकांसमोर होणारा खेळच त्या स्त्रीला अधिक सुरक्षित असतो. थिएटर मोडले की उरते ती बैठकच.

लंडनमधील विल्टन्स म्युझिक हॉल ही 1859 सालची वास्तू विसाव्या शतकात पाडली जाणार होती. रसिकांनी ती वाचविली, 1971 मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि आज तेथे पुन्हा प्रयोग होतात. तेही एके काळी प्रतिष्ठितांनी नाके मुरडावीत असेच ठिकाण होते. आपल्याकडे किल्ल्यांना आणि वाड्यांना जो मान आहे, तो एखाद्या तमाशा थिएटराला का असू नये?

शासनाने चालू थिएटरांची आणि त्यांतील पार्ट्यांची नोंद करावी, दुरुस्तीसाठी अनुदान द्यावे, आणि ते देताना कलावंत स्त्रियांच्या निवासाची व मुलांच्या शाळेची अट मालकावर घालावी. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर माळेगावी यात्रेच्या मंडपावर दरवर्षी होणाऱ्या खर्चाला एका पक्क्या, बारमाही रंगस्थळाची जोड द्यावी, आणि त्याला लागून कलावंतांसाठी चार खोल्या बांधाव्यात. पुढील अंदाजपत्रकात जिल्हा परिषदेने एवढी एक बाब घातली, तरी शिरड शहापूरच्या रसिकाला मार्गशीर्षापर्यंत थांबावे लागणार नाही.