ॲव्हरेजइतकाच ब्रेकचाही विचार हवा

वर्धा - ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ७० हजार रुपये किंमत असलेल्या मोटारसायकलवर सात हजारांचा भार त्यामुळे हलका झाला. ही बचत कशावर खर्च करावी, हा खरा प्रश्‍न आहे.

वर्धेतून सेवाग्राम किंवा सावंगीला नोकरी-शिक्षणासाठी रोज ये-जा करणाऱ्यांचा प्रवास मोजक्या किलोमीटरचा असतो. तरीही खरेदीच्या वेळी पहिला प्रश्‍न ‘ॲव्हरेज किती?’ हाच. दररोज २० किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरला ६० ऐवजी ५० किलोमीटर दिले, तर महिन्याला केवळ दोन लिटर पेट्रोल अधिक लागते.

ब्रेकमधील उणीव मात्र जिवावर बेतू शकते. २०१९ मध्ये लागू झालेल्या नियमाने १२५ सीसीवरील दुचाकींना ‘एबीएस’ बंधनकारक केले. त्याखालील गाड्यांना ‘सीबीएस’वर भागविण्याची मुभा दिली. सीबीएस ब्रेकचा जोर दोन्ही चाकांत विभागते. परंतु चाक जाम होऊन गाडी घसरू नये, ही काळजी एबीएसच घेते. पहिल्या पावसात काळ्या मातीने निसरड्या झालेल्या रस्त्यावर हा फरक कळतो. सामान्य कुटुंबाच्या गाडीलाच नियमाने कमी संरक्षण दिले.

लहान गाडीला एबीएस देणे अशक्य नाही. बजाजची ‘प्लॅटिना ११०’ २०२२ मध्ये, तर हीरोची ‘एक्स्ट्रीम १२५ आर’ २०२४ मध्ये एबीएससह बाजारात आली. करकपातीतून वाचलेले पैसे असा ब्रेक आणि दोघांसाठी आयएसआय चिन्हांकित हेल्मेट यांवर खर्च करणे, हाच शहाणपणाचा सौदा ठरेल.