मेलेले मोजले, पळवून नेलेल्यांचं काय?

लोकशाही असली की हिंसा कमी होते का, यावर विद्यापीठांतून बराच अभ्यास चालतो. मी औशाची. याच विषयावर पीएच.डी. करते आहे. माझा सवाल त्याच्या आधीचा आहे: हिंसा म्हणून काय मोजायचं, हे ठरवतं कोण?

आमच्या शाखेत आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी जमवलेल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या आकडेवारीला मोठा मान आहे. ती १९५० ते १९९५ या काळातल्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या बातम्यांवरून केलेली आहे. तिच्या आधारे २००२ सालच्या पुस्तकात वार्ष्णेय सांगतात की, दंगलीतले चार टक्क्यांहून कमी मृत्यू खेड्यांत झाले. म्हणजे खेडी शांत! पण मोजणी दोनच वर्षं आधी सुरू केली असती तर?

१९४८ साली आमच्या भागात काय झालं? आधी रझाकारांनी गावं लुटली, जाळली, बायकांवर अत्याचार केले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि त्याचा सूड ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमानांवर उगवला गेला. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. औसा तेव्हा उस्मानाबादेतच होतं. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली, असं समिती म्हणते. सरकारनं हा अहवाल प्रसिद्धच केला नाही. तो अभ्यासकांना खुला व्हायला २०१३ साल उजाडलं.

त्या अहवालात बलात्कार आहेत, बायकांना सोलापूर-नागपूरपर्यंत पळवून नेल्याचा उल्लेख आहे. पण कुठे? लूट, जाळपोळ, घरं-जमिनी बळकावणं या यादीत! मेलेल्यांना निदान अंदाजाचा आकडा मिळाला, बायांच्या वाट्याला यादीतले दोन-चार शब्द आले.

मी म्हाताऱ्या बायांशी बोलायचं म्हटलं, तर ‘आठवणी म्हणजे पुरावा नव्हे’ असं मला ऐकवण्यात आलं. मग वार्ताहर काय करतो? तोही कुणाचं तरी ऐकूनच लिहितो ना! कागद आणि आठवण एकमेकांवर तपासून घ्यायला हवेत, हे मलाही मान्य आहे. पण मुंबईच्या दैनिकापर्यंत जे पोचलं नाही ते घडलंच नाही, हे कसलं शास्त्र? अशा मोजणीत लोकशाही पास होणारच, कारण अवघड प्रश्न आधीच गाळलेला असतो.

हे काम बायकांनी करून दाखवलेलं आहे. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं तेलंगणा लढ्यातल्या स्त्रियांना बोलतं केलं. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी पंजाबात फाळणीच्या बायांचं ऐकलं. मराठवाड्यात आपण कधी ऐकणार?

१७ सप्टेंबरला झेंडा वंदन होतं, भाषणं होतात. त्या मुक्तीची किंमत हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या बायांनी आपल्या देहानं मोजली. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीला टेकली आहे. गावोगावच्या मंडळांनी तिच्याजवळ जाऊन बसावं. तिच्या परवानगीशिवाय एक अक्षर लिहू नये, नाव छापू नये, आणि ती गप्प राहिली तर तेही नोंदवावं. पण ‘इथे काही घडलं नाही’ असं मात्र यापुढे कुणाला लिहू देऊ नये.