विश्लेषण : संगीत नियतकालिकांच्या मुखपृष्ठावरचा ‘तरुण’ कोण ठरवतो?

ब्रिटनमधील रॅपर स्टॉर्मझी याचे छायाचित्र मे २०१७ मध्ये ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. विषय होता नैराश्य. मात्र यासाठी आपली परवानगीच घेतली नव्हती, असे त्याने ट्विटरवर सांगितले आणि संपादकांना माफी मागावी लागली. मुखपृष्ठावर चेहरा असणे म्हणजे प्रतिनिधित्व मिळणे का, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

नेमके काय घडले होते?

स्टॉर्मझी तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला त्याचा ‘गँग साइन्स अँड प्रेयर’ हा ब्रिटनच्या यादीत अव्वल ठरलेला पहिला ग्राइम अल्बम. आपल्या नैराश्याबद्दल तो एका वृत्तवाहिनीवर मोकळेपणाने बोलला होता. साप्ताहिकाने त्याच विषयावरील लेखासाठी त्याचा चेहरा वापरला. हेतू चांगला होता असे मानले, तरी विक्रमी यश मिळवणारा कृष्णवर्णीय तरुण इथे कलावंत म्हणून नव्हे, तर एका समस्येचा चेहरा म्हणून समोर आला. तोही त्याला न विचारता.

मुखपृष्ठाला एवढे महत्त्व का?

स्टॉलवरच्या गर्दीत अंकाकडे लक्ष जाते ते क्षणभरच. त्यामुळे नजर, कपडे, अक्षरांचा आकार यांतूनच ‘हा अंक तुमचा आहे’ हे सांगावे लागते. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केरँग!’चे नावच गिटारच्या आवाजावरून आले. काळे कपडे, रोखलेली नजर, ओबडधोबड अक्षरे पाहून मेटलचा चाहता आपला अंक लांबूनच ओळखतो. एकट्या पडलेल्या मुलाला त्यातून आपली माणसे सापडतात. पण ‘आपल्यातला’ कसा दिसतो, याचा साचाही तिथेच घट्ट होतो.

जागा मिळाली, मान मिळाला का?

अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा. त्यावर जॉन लेनन होता, तर दुसऱ्याच अंकावर टीना टर्नर. म्हणजे कृष्णवर्णीय गायिकेला जागा लगेच मिळाली. मात्र सहसंस्थापक यान वेनर यांच्या २०२३ मधील ‘द मास्टर्स’ या मुलाखतसंग्रहातील सातही संगीतकार श्वेतवर्णीय पुरुष होते. महिला आणि कृष्णवर्णीय कलावंत त्या बौद्धिक पातळीवर मांडणी करत नाहीत, अशा आशयाचे समर्थन त्यांनी केले. त्यानंतर ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या संचालक मंडळातून त्यांना हटवण्यात आले आणि त्यांनी माफी मागितली. छायाचित्र छापणे सोपे असते. विचार करणारा कलावंत म्हणून ऐकून घेणे वेगळे.

पर्याय कसे उभे राहिले?

हिप-हॉपला केंद्रस्थानी ठेवणारे ‘द सोर्स’ १९८८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी वार्तापत्र म्हणून सुरू केले. १९९३ मध्ये संगीतकार क्विन्सी जोन्स यांनी ‘व्हाइब’ आणले. इथे रॅपर पाहुणा नव्हता. अंकच त्याचा होता.

आता काय बदलले?

‘एनएमई’ची छापील साप्ताहिक आवृत्ती मार्च २०१८ मध्ये बंद झाली. मुखपृष्ठ आता मोबाइलवर दिसते आणि कलावंत तिथेच जाब विचारू शकतो. संपादकांची निवड मात्र आजही संपादकच करतात. म्हणून पुढचे मुखपृष्ठ पाहताना चेहरा कोणाचा, एवढेच पाहून थांबू नये. आत त्याचे म्हणणे आहे का, हेही उघडून पाहावे.